डिस्नेचा स्टुडिओ समूह चालतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट-निर्मिती शिकणारी मुलं भेटली की डिस्नेबद्दल हमखास विचारतात. प्रश्न बहुतेक कलेचे नसतात. 'हे सगळं चालवतं कोण?' हा खरा प्रश्न असतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पिक्चर चांगला होतो की वाईट हे पुष्कळदा सेटवर जाण्याआधीच, कोण कोणाला जबाबदार आहे यावर ठरून गेलेलं असतं. म्हणून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची मला देता येतील तेवढी नीट उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

डिस्ने हा एक स्टुडिओ आहे की अनेक?

अनेक. 'वॉल्ट डिस्ने स्टुडिओज' हे वरचं छप्पर. त्याखाली नटनट्यांचे चित्रपट करणारं वॉल्ट डिस्ने पिक्चर्स, वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन स्टुडिओज, पिक्सार, मार्व्हल स्टुडिओज, लुकासफिल्म, ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओज आणि सर्चलाइट पिक्चर्स असे विभाग आहेत. यातले पहिले दोन घरचे, बाकीचे पाच विकत घेतलेले. पिक्सार २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरला, मार्व्हल २००९ मध्ये सुमारे ४ अब्जांना, लुकासफिल्म २०१२ मध्ये ४ अब्जांहून थोडी जास्त रक्कम देऊन. शेवटचे दोन मार्च २०१९ मध्ये ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सच्या ७१.३ अब्ज डॉलरच्या व्यवहारात आले.

आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबासारखं बघा. सातबारा एकाच नावावर, पण चुली वेगळ्या. कोणत्या चुलीवर काय शिजवायचं ते त्या घरातलं माणूस ठरवतं. बाजारात माल मात्र एकाच गाडीतून जातो.

बॅनर आणि स्टुडिओ यात फरक काय? नाव वेगळं दिलं की झालं ना?

नाही झालं, आणि हे डिस्नेनं स्वतः करून पाहिलं आहे. १९८० च्या सुमाराला डिस्नेचं नाव म्हणजे लहान मुलांचा सिनेमा असं समीकरण झालं होतं, मोठी माणसं फिरकत नव्हती. म्हणून १९८४ मध्ये टचस्टोन आणि १९८९ मध्ये हॉलिवूड पिक्चर्स अशी नवी नावं काढली. टचस्टोननं काही वर्षं उत्तम धंदाही केला. पण अंतिम निर्णय त्याच वरिष्ठांचे होते, पैसा त्यांचाच होता, आवडनिवडही त्यांचीच. दुकान तेच, पाटी दुसरी.

पिक्सार किंवा मार्व्हलची गोष्ट निराळी. तिथे आपला प्रमुख आहे, आपले लेखक, आपली कामाची रीत, आपली चुका करण्याची पद्धतसुद्धा आहे. स्टुडिओ म्हणायचं ते याला.

सगळे एकाच आवारात बसतात का?

नाही. मुख्य ठाणं कॅलिफोर्नियातलं बरबँक. वॉल्ट आणि रॉय या भावांनी १६ ऑक्टोबर १९२३ रोजी कंपनी सुरू केली ती लॉस एंजेलिसमध्ये. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'नं पैसा दिला, त्यातून बरबँकची जागा घेतली आणि १९४० च्या आसपास मंडळी तिकडे गेली. पिक्सार एमरीव्हिलला आहे, बरबँकपासून विमानानं जावं लागेल इतकं दूर. लुकासफिल्म सॅन फ्रान्सिस्कोत.

फॉक्सच्या व्यवहारातली एक गंमत फार जणांना माहीत नसते. डिस्नेनं स्टुडिओ घेतला, त्याचे जुने चित्रपट घेतले, पण सेंच्युरी सिटीमधली स्टुडिओची जमीन मर्डॉक कुटुंबाच्या फॉक्स कॉर्पोरेशनकडेच राहिली. डिस्ने तिथे भाडेकरू म्हणून राहिली. जानेवारी २०२० मध्ये स्टुडिओच्या नावातून 'फॉक्स' गेलं तेही याच कारणानं. ते नाव आता दुसऱ्याच्या घरावर होतं.

मग सामाईक असतं तरी काय?

विक्री. चित्रपट कोणत्या शुक्रवारी लावायचा, किती पडद्यांवर, थिएटरवाल्यांशी हिश्शाची बोलणी, जाहिरात, परदेशातली कार्यालयं, नंतर घरी बघण्याचे हक्क, खेळणी आणि कपडे विकणाऱ्या विभागाशी ताळमेळ. पिक्सारनं केलेला असो वा सर्चलाइटनं, थिएटरमालकासमोर बसतो तो डिस्नेचा वितरण विभाग. वर्षभरात चार मोठे पिक्चर हाताशी असलेला माणूस आणि एकच पिक्चर घेऊन दारोदार फिरणारा माणूस यांच्या बोलण्याच्या आवाजात किती फरक असतो, हे मराठी निर्मात्याला वेगळं सांगायला नको. प्राइम टाइमचा एक शो मिळवायला काय करावं लागतं ते तोच जाणे.

हे वितरण डिस्नेकडे आधीपासून नव्हतं. सुरुवातीची तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या गाडीतून माल पाठवत होते: कोलंबिया, युनायटेड आर्टिस्ट्स, मग आरकेओ. १९५३ मध्ये निसर्गावरचा एक पूर्ण लांबीचा माहितीपट तयार झाला. आरकेओला त्यात धंदा दिसेना. तेव्हा रॉय डिस्नेनं ब्युएना व्हिस्टा ही स्वतःची वितरण कंपनी काढली. स्टुडिओ ज्या रस्त्यावर होता त्याचंच नाव तिला दिलं. तो माहितीपट उत्तम चालला, ऑस्करही मिळालं. माझ्या मते समूह म्हणून डिस्नेचा खरा जन्म त्या वर्षी झाला. वॉल्टचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ही घडी बसवणारा रॉय होता आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते.

पिक्चर करायचा की नाही, हे कोण ठरवतं?

कल्पना खालून येते. प्रत्येक स्टुडिओचा प्रमुख पटकथा, दिग्दर्शक, मुख्य नट, बजेट आणि प्रदर्शनाची तारीख अशी मोट बांधून समूहाच्या अध्यक्षापुढे ठेवतो. २०१२ पासून हे पद ॲलन हॉर्न यांच्याकडे होतं. २०१९ मध्ये ॲलन बर्गमन त्यांच्या जोडीला आले आणि २०२१ पासून बर्गमन प्रमुख झाले. बर्गमन मूळचे हिशेबाच्या बाजूचे, हॉर्न चित्रपट निवडण्याच्या. जोडी म्हणून ही रचना मला शहाणपणाची वाटते.

'हिरवा कंदील' मिळण्याच्या त्या बैठकीत गोष्ट किती सुंदर आहे यावर चर्चा होते, पण टेबलावर एक तक्ताही असतो. हा चित्रपट पुढच्या दहा वर्षांत कुठून किती आणेल: अमेरिकेतली थिएटरं, परदेशातली थिएटरं, घरी भाड्यानं बघणारे, टीव्ही, स्ट्रीमिंग. अमेरिकेतल्या गल्ल्यातला साधारण निम्मा वाटा स्टुडिओकडे येतो. चीनमध्ये बाहेरच्या चित्रपटाला सुमारे पाव वाटाच मिळतो. म्हणून 'जगभरात एवढे कोटी कमावले' ही बातमी वाचून नफा काढू नये. त्या आकड्यातले निम्म्याच्या आसपास थिएटरवाल्यांचे असतात, आणि जाहिरातीचा खर्च बजेटच्या आकड्यात धरलेलाच नसतो.

एक गोष्ट मात्र तक्त्यात बसत नाही आणि तीच डिस्नेत सर्वांत वजनदार असते. या पिक्चरमधून पुढे काय उगवेल? दुसरा भाग, पार्कमधली राइड, जहाजावरचा कार्यक्रम, बाहुली. एखादा मध्यम नफ्याचा चित्रपट यामुळे मंजूर होतो. आणि प्रौढांसाठीची, एकदाच सांगायची गोष्ट यामुळेच मागे पडते. सर्चलाइटसारखी छोटी चूल नसती, तर अशा चित्रपटांना या घरात जागाच राहिली नसती.

प्रत्येक चित्रपटासाठी वेगळी कंपनी काढतात, ते कशासाठी?

जबाबदारी वेगळी ठेवायला आणि करसवलत घ्यायला. चित्रीकरण सुरू होण्याआधी एक नवी कंपनी नोंदवली जाते, करार तिच्या नावानं होतात, पगार तीच देते. २०१५ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी ब्रिटनमध्ये 'फूडल्स प्रॉडक्शन' नावाची कंपनी होती. नावावरून कोणाला संशयही येऊ नये!

याचा अभ्यासकांना एक मोठा लाभ होतो. अमेरिकेत स्टुडिओ एकेका चित्रपटाचा खर्च उघड करत नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र करसवलत हवी तर तिथे कंपनी हवी, आणि तिथल्या कंपनीला वार्षिक हिशेब सरकारदरबारी दाखल करावा लागतो. ते कागद कुणालाही बघता येतात. पाइनवूड स्टुडिओत चित्रित झालेल्या डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांचे खरे आकडे जगाला कळले ते असेच. सिनेमाचं अर्थकारण शिकायचं असेल तर मुलाखती वाचण्यापेक्षा हे कागद वाचा.

घरचं ॲनिमेशन असताना पिक्सार वेगळं का ठेवलं? एकत्र केलं असतं तर खर्च वाचला असता.

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे.

२००६ मध्ये डिस्नेचं घरचं ॲनिमेशन खचलेलं होतं. हाताशी पिक्सारची यशस्वी माणसं आली होती. विकत घेणारी बहुतेक कंपनी काय करते? दोन्ही एकत्र करते, अर्धी माणसं घरी पाठवते आणि 'बचत झाली' म्हणून भागधारकांना सांगते. डिस्नेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बॉब आयगर, पिक्सारचे सर्वांत मोठे भागधारक स्टीव्ह जॉब्स आणि पिक्सारचे प्रमुख एड कॅटमुल यांनी तसं केलं नाही. पिक्सारच्या कोणत्या रीती बदलायच्या नाहीत याची यादीच लिहून काढली गेली. कॅटमुल आणि पिक्सारचे सर्जनशील प्रमुख जॉन लॅसेटर या दोघांना दोन्ही स्टुडिओंचं नेतृत्व दिलं, पण स्टुडिओ दोनच राहिले.

त्यांनी घालून दिलेला नियम ऐकून माणूस चकित होतो. एका स्टुडिओनं दुसऱ्याचं निर्मितीचं काम करायचं नाही. मुदत तोंडावर आली, माणसं कमी पडली, तरी शेजारच्या स्टुडिओकडे हात पसरायचा नाही. वरवर हा वेडेपणा. पण डिस्ने ॲनिमेशनच्या लोकांना पुन्हा स्वतःवर विश्वास बसायला हवा होता. अडचणीत पिक्सारनं सोडवलं असतं, तर ते कायमचे धाकटे राहिले असते. ते स्वतःच्या बळावर उभे राहिले आणि २०१३ मध्ये 'फ्रोझन' केला. अवजारंही वेगळी राहिली. पिक्सार चित्र रेंडर करतं, म्हणजे संगणकावर अंतिम रूपात उतरवतं, ते रेंडरमॅनवर. डिस्ने ॲनिमेशननं स्वतःचं हायपेरियन बांधलं आणि २०१४ पासून वापरलं.

सामाईक झाली ती एक पद्धत. पिक्सारमध्ये दिग्दर्शक आपला कच्चा चित्रपट इतर दिग्दर्शकांना आणि लेखकांना दाखवतो. ते कुठे कंटाळा आला, कुठे पटलं नाही ते स्पष्ट सांगतात. पण त्या मंडळींना हुकूम देण्याचा अधिकार नसतो. सूचना घ्यायची की नाही हे दिग्दर्शकाच्या हातात. डिस्ने ॲनिमेशननं आपली अशीच मंडळी तयार केली. टीका भरपूर आणि सत्ता शून्य, असा हा मेळ आहे. आपल्या नाटकाच्या तालमीला बाहेरचे जाणकार बोलावण्याची जुनी रीत होती, तिच्याशी याचं नातं मला दिसतं.

२०१८ मध्ये लॅसेटर यांना सहकाऱ्यांशी केलेल्या गैरवर्तनाच्या तक्रारींनंतर जावं लागलं. त्याच वर्षी पिक्सारची सर्जनशील सूत्रं पीट डॉक्टर यांच्याकडे, डिस्ने ॲनिमेशनची जेनिफर ली यांच्याकडे गेली. २०२४ मध्ये ली यांच्या जागी जॅरेड बुश आले. एकाच माणसाकडे दोन्ही घरं देण्याची चूक पुन्हा झाली नाही.

मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केव्हिन फायगी कोणाला जबाबदार असतात?

२०१५ पर्यंत मार्व्हल एंटरटेनमेंट या स्टुडिओवरच्या कंपनीच्या आयझॅक पर्लमटर यांना. ती कंपनी न्यू यॉर्कमध्ये, आणि ते खर्चाच्या बाबतीत अतिशय कडक. त्यांच्या बाजूची एक समिती पटकथांवर सूचना पाठवत असे. ऑगस्ट २०१५ मध्ये मार्व्हल स्टुडिओज थेट ॲलन हॉर्न यांच्याकडे आला आणि त्या समितीचा हस्तक्षेप संपला. कागदावर हा एका रेघेचा बदल. २०१९ मध्ये मार्व्हलची मालिका आणि कॉमिक्सची सर्जनशील बाजूही फायगींकडे आली.

पुढे मात्र स्ट्रीमिंगसाठी माल हवा म्हणून इतकं काम अंगावर पडलं की लक्ष विखुरलं. आयगर यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं की वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोन मालिका.

स्पायडर-मॅन कुणाचा?

पात्र मार्व्हलचं, चित्रपटाचे हक्क सोनीचे. डिस्नेनं मार्व्हल घेण्याच्या कितीतरी आधी ते विकले गेले होते. २०१५ पासून समझोत्यानं मार्व्हल स्टुडिओज चित्रपट बनवायला मदत करतो आणि सोनी पैसा घालते व वितरण करते. २०१९ मध्ये बोलणी फिसकटली, महिनाभरात पुन्हा जुळली.

२०२० मध्ये नेमकं काय बिघडलं?

कंपनीनं पाकीट आणि पोळपाट वेगळे केले.

आयगर यांच्यानंतर बॉब चेपेक मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी नवी रचना आणली. स्टुडिओंनी फक्त चित्रपट आणि मालिका बनवायच्या. त्या थिएटरात लावायच्या की थेट डिस्ने प्लसवर टाकायच्या, त्यावर किती खर्च करायचा, नफातोटा कुणाच्या नावावर लिहायचा, हे सगळं करीम डॅनियल यांच्या नव्या वितरण विभागाकडे. तेव्हा थिएटरं बंद होती, स्ट्रीमिंगचे ग्राहक झपाट्यानं वाढत होते, त्यामुळे बाहेरून हे आधुनिक दिसलं.

आतून वेगळं घडलं. चार-चार वर्षं खपून केलेला चित्रपट कुठे दिसणार यावर बनवणाऱ्याचा शब्द चालेना. पिक्सारचे ओळीनं तीन चित्रपट अमेरिकेत थिएटर न बघता घरच्या पडद्यावर गेले. पालकांना सवय लागली की पिक्सार म्हणजे घरी बघायचं. जुलै २०२१ मध्ये स्कार्लेट जोहान्सननं कंपनीवर दावा लावला. तिच्या मानधनाचा भाग थिएटरच्या गल्ल्यावर ठरलेला, आणि 'ब्लॅक विडो' त्याच दिवशी घरीही उपलब्ध केला होता. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली.

माझ्या मनात या प्रकरणाचा राग आहे, आणि तो व्यवहाराचा आहे. ज्याच्या हाती निर्मिती, त्याच्याच माथी हिशेब हवा. पिक्चर पडला तर त्याला उत्तर द्यावं लागावं आणि चालला तर श्रेयही मिळावं. दोन्ही तोडले की बनवणारा म्हणतो विकणाऱ्यानं मारला, विकणारा म्हणतो मालच असा होता, आणि कुणीच शिकत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयगर परतले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हीच रचना मोडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मनोरंजन, क्रीडा आणि पार्क अशा तीन शाखा केल्या. मनोरंजनाची सूत्रं बर्गमन आणि डेना वॉल्डन यांच्याकडे दिली आणि निर्णय पुन्हा बनवणाऱ्यांजवळ आणले. त्याबरोबर सात हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणाही झाली, हे विसरता येत नाही. वरच्यांच्या चुकीची किंमत खालच्यांनी मोजली.

२०२४ मध्ये 'इनसाइड आउट २' थिएटरात लागला आणि दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ नोकरीवर असतात का?

ॲनिमेशनमध्ये बरेचसे पगारी असतात. बाकी ठिकाणी चित्रपटापुरता करार. जुन्या काळी हॉलिवूडमध्ये नट वर्षानुवर्षं स्टुडिओच्या पगारावर असत. आपल्याकडे 'प्रभात'मध्येही तसंच होतं. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी सुरू केलेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ती कंपनी नट, चित्रकार, रसायनशाळा सगळं एका कुंपणात सांभाळत होती. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि काही वर्षांतच ती वैभवशाली संस्था बंद पडली. त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात एका चुलीची होती. डिस्नेत एक स्टुडिओ मंदावला तर दुसरा घर चालवतो.

करारावरच्या माणसाचं संरक्षण संघटना करतात. २०२३ मध्ये लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते आणि सगळ्या स्टुडिओंची वेळापत्रकं कोलमडली. डिस्नेचा स्वतःचा इतिहासही इथे दुखरा आहे. १९४१ मध्ये चित्रकारांनी बरबँकच्या फाटकावर संप केला होता.

घेतलेले सगळे स्टुडिओ टिकले का?

नाही. फॉक्सबरोबर ब्लू स्काय हा ॲनिमेशन स्टुडिओ आला होता. एप्रिल २०२१ मध्ये तो बंद केला. तिसरी ॲनिमेशनची चूल परवडत नाही, असं ठरलं.

डिस्ने भारतात चित्रपट बनवते का?

एकेकाळी बनवत होती. यूटीव्ही या भारतीय निर्मिती कंपनीमध्ये २००६ पासून भागीदारी घेत घेत २०१२ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा दादासाहेब फाळक्यांवरचा मराठी चित्रपट २०१० मध्ये यूटीव्हीमार्फत लोकांपुढे आला, तेव्हा डिस्ने त्या कंपनीत भागीदार होती. ही आठवण मला फार प्रिय आहे. 'दंगल'नंतरही यूटीव्हीची हिंदी निर्मिती टिकली नाही, २०१७ मध्ये ती थांबली. इथे चित्रपटाचा धंदा नट आणि निर्मात्याच्या नात्यावर चालतो, बरबँकच्या तक्त्यावर नाही, हे त्यामागचं मला पटणारं कारण. फॉक्सबरोबर स्टार आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारचा कारभार रिलायन्सच्या व्हायाकॉम १८ बरोबर एकत्र होऊन जिओस्टार झाली. त्यात डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के, सूत्रं रिलायन्सकडे.

माझ्याकडे एक गोष्ट आहे. थेट डिस्नेला पाठवू का?

पाठवू नका. न मागवलेली पटकथा ते वाचतच नाहीत. उद्या साम्य निघालं तर खटला नको म्हणून हे धोरण आहे. तिथे गोष्ट पोचते ती एजंट किंवा निर्मात्यामार्फत.

पण काम करायचं असेल तर एक दार जवळ आहे. लुकासफिल्मची इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही व्हीएफएक्स (पडद्यावरचे खास दृश्य-परिणाम) करणारी कंपनी, जॉर्ज लुकासनं १९७५ मध्ये सुरू केलेली. तिनं २०२२ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. जे. जे.मधून चित्रकला शिकलेली किंवा कोल्हापूर-नाशिकहून सॉफ्टवेअर शिकून आलेली मुलं अशा कामाला लागतात. त्यांना एकच सांगतो: शोरील, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांची फीत, दोन मिनिटांची ठेवा, सर्वांत चांगलं काम पहिल्या दहा सेकंदांत दाखवा, आणि प्रत्येक शॉटमध्ये तुमच्या हातचं नेमकं काय आहे ते खाली लिहा.